पिसारा गळलेला मोर आणि थंडीची रात्र

(शास्त्रपाठ : मत्तय ६:२५-३४, फिलिप्पै २:५-८, याकोब २:१४-१७)



मार्गशीर्ष लागला म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यातील हवा पालटते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन शहरे आगगाडीच्या एकाच मार्गावर एकापुढे एक वसली आहेत. परंतु समुद्रापासून जसजसे दूर जावे तसतसा पहाटेचा गारठा वाढत जातो. कुलाब्यास माणसाचे पांघरूण पायाशी पडलेले असते, त्याच वेळी बदलापुरास माणूस शेकोटी शोधीत असतो. ह्याचे कारण साधे आहे. समुद्राचे पाणी लवकर निवत नाही, म्हणून त्याच्या शेजारची भूमी रात्रीही कोमट राहते. बदलापूर मात्र बरेच आत, माथेरान व चंदेरीच्या डोंगरांच्या पायथ्याशी, परातीत ठेवावे तसे वसलेले आहे. निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशाकडे निघून जाते, आणि उतारावरची गार व जड हवा खाली येऊन त्या परातीत साचते. म्हणून मुंबईच्या आसपासच्या शहरांत थंडीच्या दिवसांत बदलापूरचा पारा बहुधा सर्वांत खाली असतो. अशा रात्री ज्याच्या घरास भिंती आहेत त्यास थंडीचे कौतुक वाटते. ज्याच्या घरास भिंती नाहीत त्यास ती रात्र सरता सरत नाही.

आपल्या प्रभूने डोंगरावरील उपदेशात चिंतेने व्याकूळ झालेल्या लोकांस आकाशातील पाखरांकडे निरखून पाहावयास सांगितले. ती आज्ञा केवळ गालीलातील लोकांकरिता नव्हती. आपल्याही डोळ्यांपुढे देवाने पाखरे ठेविली आहेत. त्यांपैकी एका पाखराचा विचार आज आपण करू. तो पक्षी मोर होय.

मोर म्हटला की आपणांस आभाळात जमलेले मेघ आठवतात, त्याची केका आठवते, पसरलेला पिसारा आठवतो. चित्रकार त्याला तसाच काढतो, लग्नाच्या शालूवर तो तसाच विणला जातो, आणि भारत सरकारने १९६३ साली त्यास राष्ट्रीय पक्षी ठरविले तेव्हाही सर्वांच्या मनात तेच रूप होते. परंतु पौष महिन्यातल्या पहाटे, दव पडत असता, फांदीवर अंग आखडून बसलेला मोर किती जणांनी पाहिला आहे? पावसाळ्यातला मोर सर्वांच्या ओळखीचा आहे. थंडीतला मोर फार थोड्यांच्या. आज मला ह्या दुसऱ्या मोराविषयी बोलावयाचे आहे. कारण आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ जण आज त्याच्यासारखे आहेत.

मोर हा केवळ रानातच राहतो असे नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या रानांत तो आहेच; पण जेथे त्यास कोणी इजा करीत नाही तेथे तो माणसाच्या वस्तीतही निर्भयपणे वावरतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात चिंचोली नावाचे गाव आहे. तेथे चिंचेची झाडे पुष्कळ, आणि त्या झाडांच्या आश्रयाने मोर इतके की लोक त्या गावास मोराची चिंचोली असेच म्हणतात. सकाळ-संध्याकाळ मोर शेतांत उतरतात, खळ्याशी येतात, अंगणापर्यंत येऊन दाणे टिपतात. पिकाची थोडी नासधूस होते. तरी गावकरी त्यांस पाहुणे समजून दाणा-पाणी ठेवितात. बीड जिल्ह्याच्या पाटोदे तालुक्यात नायगाव येथे मोरांकरिता राखून ठेविलेले अभयारण्य आहे. ते १९९४ साली जाहीर झाले. मुंबईतही मलबार टेकडीवर राजभवनाच्या झाडीत मोर राहतात. आणि २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले असता बाबुलनाथाजवळच्या वस्तीत ते रस्त्यावर व उभ्या मोटारींच्या टपांवर उतरलेले लोकांनी पाहिले.

पवित्र शास्त्रातही मोराचे नाव आले आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात असे सांगितले आहे की, शलमोनाची तार्शीशी जहाजे तीन वर्षांतून एकदा परत येत आणि सोने, रुपे, हस्तिदंत व वानर ह्यांबरोबर मोरही आणीत. तेथे जो इब्री शब्द आहे त्याचे मूळ तमिळ भाषेतील ‘तोकै’ म्हणजे मोराचा पिसारा ह्या शब्दात आहे, असे कित्येक विद्वानांस वाटते. तसे असेल तर आपल्याच देशाचे हे पाखरू यरुशलेमेच्या राजवाड्यात शोभेकरिता गेले होते. परंतु पाहा, प्रभू येशूने वैभवाचा दाखला देताना त्याच शलमोनाचे नाव घेतले, आणि त्याचे सारे वैभव रानातल्या एका फुलापुढे उणे ठरविले. शलमोनाने मोर आणविले. पण त्याच्या मृत्यूनंतर लवकरच त्याचे राज्य दुभंगले. वैभवाला राज्य राखिता आले नाही.

आता मोराच्या वैभवाकडे जवळून पाहू. ज्यास आपण पिसारा म्हणतो ती मोराची खरी शेपटी नव्हे. खरी शेपटी आखूड, तपकिरी, विसेक पिसांची असते व ती पिसाऱ्यामागे टेकूसारखी उभी राहते. पिसारा म्हणजे पाठीच्या शेवटास शेपटीवर वाढणारी दीड-दोनशे लांब पिसे. त्यांचा उपयोग उडावयास नाही, थंडी निवारावयासही नाही. विणीच्या दिवसांत लांडोरीपुढे मिरविण्याकरिता ती आहेत. आणि ती वर्षभर राहत नाहीत. पावसाळा ओसरू लागला की एकेक पीस गळू लागते. दिवाळीच्या सुमारास पाहावे तो काल जो नाचत होता तोच मोर आज ओळखू येत नाही. मान तेवढी निळी, बाकी लांडोरीसारखा बापुडवाणा. नवीन पिसे हळूहळू फुटतात. ती पुरती लांब व्हावयास उन्हाळा जवळ येतो. म्हणजे वर्षातील सर्वांत गार रात्री मोर आपल्या पुऱ्या वैभवावाचून काढितो. आपण नाताळाचा सण करितो त्या दिवसांत तर त्याचा पिसारा अपुराच असतो.

प्रिय वाचकहो, येथे क्षणभर थांबा. देवाने ह्या पाखरास थंडीपूर्वी उघडे का केले? ज्यास आपण त्याचे सर्वस्व समजतो तेच थंडीच्या तोंडावर त्याजकडून का काढून घेतले? ह्याचे उत्तर मोर जिवंत राहतो ह्या एका गोष्टीत आहे. पिसारा जाऊनही तो मरत नाही. कारण त्याचे जीवन पिसाऱ्यात नव्हते. ज्याने त्यास पिसारा दिला त्यानेच दुसऱ्या चार गोष्टी दिल्या आहेत. त्यांकडे कोणी पाहत नाही, पण रात्र त्यांच्याच बळावर सरते.

पहिली गोष्ट, अंगालगतची मऊ पिसे. मोठ्या पिसांच्या आत, कातडीला लागून, कापसासारखी बारीक पिसे असतात. थंडी वाजली की मोर अंग फुलवितो. त्या पिसांत हवा कोंडून राहते आणि ती हवाच त्याची गोधडी होते. तो चोच पाठीच्या पिसांत खुपसतो, पाय पोटाखाली घेतो. ह्या पिसांत रंग नाही, डोळे नाहीत, त्यांचे चित्र कोणी काढीत नाही. तशीच भक्ताच्या जीवनात एकांतातील प्रार्थना असते, पहाटे उठून वाचिलेले वचन असते, कोणास न सांगता केलेली क्षमा असते. उपासनेच्या दिवशी ही दिसत नाहीत. परंतु दुःखाची रात्र आली म्हणजे व्यासपीठावरचे भाषण ऊब देत नाही. ही अंगालगतची पिसे देतात.

दुसरी गोष्ट, उंच फांदी आणि सोबत. दिवसा मोर भुईवर चरतो. पण सांज झाली की उंच झाडावर चढतो, आणि एकटा चढत नाही. एकाच झाडावर, एकाच्या शेजारी एक, असे पुष्कळ मोर व लांडोरी रात्र काढितात. खाली कोल्हा फिरतो, रानमांजर फिरते. पण कोणीतरी एक जागा असतो, आणि त्याच्या हाकेने सारे झाड सावध होते. मंडळी म्हणजे काय, हे ज्यास एका वाक्यात सांगता येत नाही त्याने हे झाड पाहावे. येथे पिसारा असलेल्यास वरची फांदी व नसलेल्यास खालची, असा नियम नाही.

तिसरी गोष्ट, आईचे पंख. मोराची पिल्ले पावसाळ्यात जन्मतात. थोड्याच दिवसांत ती उडून फांदीवर जाऊ लागतात, तरी लहानपणी रात्री आईच्या पंखाखाली शिरतात. थंडीतही ती तिच्याच सोबतीने वावरतात. लांडोरीस पिसारा कधीच नव्हता. सौंदर्याच्या स्पर्धेत तिचे नाव कोणी घेत नाही. पण पिल्लांस ऊब देण्यास मोराचा पिसारा आला नाही, तिचे साधे तपकिरी पंख आले. आपल्या प्रभूने यरुशलेमेकरिता अश्रू ढाळले तेव्हा त्याने स्वतःस गरुडाची उपमा दिली नाही. पिल्लांस पंखाखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची दिली. आपल्या मंडळ्यांतील ज्या विधवा आया, ज्या आज्या, ज्या शब्बाथशाळेच्या शिक्षिका आपणांस काहीच येत नाही असे म्हणतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट, उजेडाची वाट पाहणे. मोर काळोखात खाली उतरत नाही. फटफटले म्हणजे तो उतरतो, उन्हात उभा राहतो, पंख सैल सोडितो, आणि मग पोटाच्या उद्योगास लागतो. दाणे, कोंब, किडे, सरडे, जे मिळेल ते टिपतो. प्रभूने पाखरांकडे पाहा म्हटले ते आळसाकरिता म्हटले नाही. पाखरू कोठार बांधीत नाही, पण ते घरटे सोडून हिंडते, आणि देवबाप त्याच्या हिंडण्यात त्यास खाऊ घालितो.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी संत योहानाच्या नावाचे एक विशाल ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या आवारात पुष्कळ वर्षे तीन मोर मोकळे राहत असत. दोन निळे व एक पांढरा. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. आपल्या उष्ण देशातील हे पाखरू तेथे अंग फुलवून बर्फातही तग धरी, आणि मंदिराच्या लोकांनी त्यांच्याकरिता आडोशाचे खोपटे ठेविले होते. ते वृद्ध झाले तेव्हा २०२३ साली त्यांस शहराबाहेरच्या आश्रयस्थानी नेण्यात आले. देवाने दिलेली मऊ पिसे आणि माणसाने दिलेला आडोसा, ही दोन्ही तेथे एकत्र आली. आडोसा आहे म्हणून पिसे व्यर्थ नाहीत, आणि पिसे आहेत म्हणून आडोशाची गरज नाही असेही नाही. हे दुसरे आपण फार लवकर विसरतो. गरिबास पाहून आपण म्हणतो, ‘ह्या लोकांस थंडीची सवय असते.’ असे म्हणणारा देवाच्या दयेचा उल्लेख स्वतःच्या निर्दयतेच्या समर्थनार्थ करितो.

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांस मोराचे हे गळणे व पुन्हा फुटणे ठाऊक होते. रोम शहरी भुयारांत ते आपले मृत पुरीत. तेथील प्रिस्किल्लेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुयारात मोराची चित्रे आहेत. मोराचे मांस कुजत नाही अशी त्या काळी समजूत होती. साधू ऑगस्तीनाने तर कार्थेज येथे आपण ते प्रत्यक्ष ठेवून पाहिल्याचे लिहिले आहे. ही समजूत खरी मानण्याचे आपणांस कारण नाही. पण ज्यांचे सर्वस्व जप्त होत होते, त्या लोकांनी थडग्याच्या भिंतीवर मोर का काढिला, हे समजावयास कठीण नाही. जे गळते ते पुन्हा फुटेल, असे त्यांस म्हणावयाचे होते.

आता ह्या सर्वांचा मुख्य मुद्दा ऐका. मोराचा पिसारा त्याच्या इच्छेवाचून गळतो. परंतु एक असा आहे की ज्याने आपले वैभव स्वखुशीने उतरून ठेविले. फिलिप्पैकरांस लिहिताना प्रेषित पौल सांगतो की, ख्रिस्त येशू देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते धरून ठेविले नाही, तर स्वतःस रिक्त केले, दासाचे रूप घेतले, आणि वधस्तंभावरील मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला. नाताळाचा अर्थ हाच. मेंढपाळ उघड्या रानात रात्रीची राखण करीत होते; त्यांस खूण सांगितली गेली ती सिंहासनाची नव्हे, मुकुटाची नव्हे; बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेविलेल्या बालकाची. स्वर्गाचा राजा पिसाऱ्यावाचून आला. ज्यांचा पिसारा गळला आहे त्यांच्या फांदीवर तो येऊन बसला. म्हणून बेथलेहेमापासून पुढे कोणत्याही ख्रिस्ती मनुष्यास आपल्या दारिद्र्याची लाज वाटण्याचे कारण उरले नाही, आणि कोणत्याही ख्रिस्ती मंडळीस दरिद्री मनुष्याची लाज वाटण्याचा अधिकार उरला नाही.

आपल्याच भागाचा इतिहास पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली गेली होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली, आणि सिंधेतून नव्वद हजारांहून अधिक निर्वासित त्या छावणीच्या बराकींत आले. त्यांच्यात व्यापारी होते, जमीनदार होते, शिक्षक होते. कालपर्यंत ज्यांच्या घरास ओसरी व दिवाणखाना होता, ती कुटुंबे एकाच बराकीत दाटीने राहू लागली. एका वर्षात त्यांचा सारा पिसारा झडला. १९४९ साली त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांस काहीच उरले नव्हते त्यांनी पापड लाटले, आगगाडीत फेरीने माल विकला, शिलाईचे यंत्र चालविले, आणि शहर उभे केले. ते लोक आपल्या धर्माचे नव्हते. तरी पिसारा गेल्याने मनुष्य संपत नाही, हे त्यांनी आपल्या दारात आपणांस शिकविले आहे.

आणि आपल्या मंडळीच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे नाव आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस सरस्वती ही पदवी दिली. एवढा मोठा पिसारा त्या काळी ह्या देशात क्वचितच कोणा स्त्रीस लाभला असेल. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून उपाशी मुली व विधवा त्यांनी केडगावास आणिल्या, तेव्हा त्या मुलींस पदवीची ऊब नको होती. भाकर, पांघरूण आणि आईचा हात हवा होता. बाईंनी लांडोरीचे पंख पसरले. सरस्वती ही पदवी आज थोड्यांस आठवते; मुक्तिसदन मात्र सर्वांस ठाऊक आहे.

आता आपल्याविषयी. आपल्या मंडळ्यांत असे कोणी आहेत की ज्यांचा पिसारा ह्या वर्षी गळला. कोणाचा कारखाना बंद पडला. कोणाच्या घरातील कर्ता पुरुष गेला. कोणाच्या आजारात दागिने गेले, मग भांडी गेली. अशा मनुष्याचे प्रथम काय होते? तो उपासनेस येणे सोडितो. देवावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. नवे कपडे नाहीत म्हणून, दानाच्या थैलीत टाकावयास काही नाही म्हणून, आणि ‘हल्ली दिसत नाही’ हे वाक्य ऐकावे लागेल म्हणून. नाताळाच्या दिवशी तर तो दार लावून घरात बसतो, कारण त्या दिवशी सर्वांचे पिसारे पसरलेले असतात.

बंधो, हे पत्र तुझ्या हाती पडले असेल तर तुला सांगतो, पिसारा गळणे हे पाप नव्हे. तो ऋतू आहे. ज्या मोराने लाजेने झाड सोडिले व एकट्याने भुईवर रात्र काढिली त्यास थंडीने नव्हे, कोल्ह्याने गाठिले. तू झाड सोडू नकोस. फाटक्या सदऱ्याने ये. तुझ्या प्रभूने तुझ्यापूर्वी बाळंत्यात येऊन ठेविले आहे.

आणि ज्यांचा पिसारा अजून शाबूत आहे अशांनो, तुम्हांस दोन शेकोट्यांची आठवण देतो. योहानाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात एक कोळशांचा विस्तव आहे. रात्र थंडीची होती. पेत्र महायाजकाच्या वाड्यात शिपायांबरोबर शेकत उभा राहिला, आणि तेथेच त्याने आपल्या प्रभूस नाकारिले. एकविसाव्या अध्यायात दुसरा कोळशांचा विस्तव आहे. पहाट होती, समुद्रकाठी पुनरुत्थित प्रभूने स्वतःच्या हाताने तो पेटविला होता, त्यावर मासळी ठेविली होती, आणि त्याने त्याच पेत्रास जेवावयास बोलाविले. गारठलेला मनुष्य कोठेतरी शेकणारच. मंडळीने शेकोटी पेटविली नाही तर तो दारूच्या गुत्त्यावर शेकेल, जुगाराच्या अड्ड्यावर शेकेल, आणि तेथे जे बोलले जाते ते बोलावयास शिकेल. मग आपण त्यास दोष देऊ. परंतु त्या दिवशी प्रभू आपणांस विचारील, तुमचा विस्तव कोठे होता?

याकोब फार कडक शब्दांत लिहितो. उघड्या व उपाशी बंधूस कोणी कोरडा आशीर्वाद देऊन वाटेस लाविले, ऊब घे म्हटले व पांघरूण दिले नाही, तर त्या विश्वासाचा काय उपयोग, असे तो विचारितो. स्वतः पौल, एवढा थोर प्रेषित, बंदीत असता तीमथ्याला निरोप पाठवितो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचे कर. पुनरुत्थानाचा एवढा मोठा उपदेशक, पण त्याच्या अंगास थंडी वाजत होती, आणि ते लिहावयास त्यास लाज वाटली नाही. तीमथ्याने हिवाळ्यानंतर झगा नेला असता तर त्या झग्याचा काय उपयोग होता? दयेलाही ऋतू असतो. फाल्गुनात वाटलेली घोंगडी पौषातल्या मुलास ऊब देत नाही.

म्हणून वडीलमंडळांनी व तरुण संघांनी ह्या नाताळापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. सजावटीच्या खर्चाचा एक भाग घोंगड्यांकरिता राखून ठेवावा. तारा एक हात लहान झाला तरी मागी लोक वाट चुकणार नाहीत. उपासनेस येईनासे झालेल्यांची नावे काढून, चौकशीकरिता नव्हे तर भेटीकरिता, दोघांदोघांनी त्यांच्या घरी जावे. आणि थंडीत वीटभट्ट्यांवर काम करावयास ठाणे व रायगडच्या रानांतून जी कातकरी कुटुंबे येतात, त्यांच्या खोपटांकडे आपल्या वाटेवरून जाता जाता तोंड फिरवू नये. भट्टीत विटा रात्रभर तापत असतात, आणि त्या थापणाऱ्याचे मूल शेजारी गारठत असते. हे दृश्य ज्या देशात आहे तेथे मंडळीस काम नाही असे कोणी म्हणू नये.

मोरांविषयीही एक शब्द सांगणे योग्य आहे, कारण नीतिसूत्रांत म्हटल्याप्रमाणे नीतिमान मनुष्य पशूंच्याही जिवाची काळजी घेतो. मोरास मारणे, पकडणे वा कोंडून ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वस्तीत आलेल्या मोरामागे मुलांस धावू देऊ नये. त्याचे रात्रीचे झाड तोडू नये. जखमी वा गारठलेला मोर आढळल्यास त्यास घरी न बांधिता वनविभागास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. ज्या गावात पाखरू निर्भय आहे त्या गावात मनुष्यही निर्भय असावा. एकास दाणे घालावयाचे व दुसऱ्यास दार लावावयाचे, हे प्रभूस आवडणार नाही. कारण पाखरांची गोष्ट सांगून त्याने शेवटी हेच विचारिले की तुम्ही त्यांच्याहून अधिक मोलाचे नाही काय?

अंबरनाथास पूर्वी आगपेट्यांचा मोठा कारखाना होता. तेथील काड्या दूरदूरच्या घरांत चुली पेटवीत. काडी लहान असते, तिला रंगरूप नसते, आणि पेटली की ती स्वतः उरत नाही. पण तिच्यावाचून मोठी शेकोटीही थंडच राहते. ह्या थंडीत प्रत्येक मंडळीत अशी एक तरी काडी निघो. चैत्र येईल, मोरांस पुन्हा पिसारे फुटतील. आणि ज्या दिवशी ख्रिस्त आमचे जीवन प्रकट होईल त्या दिवशी आम्हांस जे वैभव मिळेल ते गळणार नाही. तोपर्यंत रात्र आहे, फांदी एक आहे, आणि शेजारी कोणी कुडकुडत आहे. थोडे सरकून त्यास जागा द्या.

प्रार्थना : हे स्वर्गीय बापा, तू पाखरांस मऊ पिसे दिलीस आणि आम्हांस एकमेकांस दिलेस. ज्यांचे वैभव गेले त्यांस तुझ्या पंखाखाली घे. ज्यांचे वैभव आहे त्यांस ते उतरून ठेवावयास शिकीव. ज्या तुझ्या पुत्राने आम्हांकरिता स्वतःस रिक्त केले, त्याच्या नावाने हे मागतो. आमेन.